छत्तीस अधिकारी आणि गणकयंत्राची साक्ष

सहा पलटणी आहेत. प्रत्येक पलटणीतून सहा निरनिराळ्या हुद्द्यांचा एकेक, असे छत्तीस अधिकारी बोलाविले आहेत. त्यांना सहा बाय सहाच्या चौरसात असे उभे करावयाचे की, प्रत्येक आडव्या आणि प्रत्येक उभ्या ओळीत प्रत्येक पलटणीचा एक व प्रत्येक हुद्द्याचा एक अधिकारी यावा. एकाच पलटणीचे किंवा एकाच हुद्द्याचे दोघे कोणत्याही ओळीत येता कामा नयेत. बदलीच्या हुकुमांवर संसाराचा नकाशा आखणाऱ्या आमच्या वाचकांस हा प्रश्न एखाद्या खात्याच्या आस्थापना-शाखेतून उठल्यासारखा वाटेल. प्रत्यक्षात तो १७७९ साली सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे लिओनार्ड ऑयलर याने मांडला. मूळचा बाझलचा आणि हयातीचा बहुतेक काळ परक्या दरबारांच्या चाकरीत घालविलेला हा गणिती त्या वेळी जवळजवळ संपूर्ण अंध झाला होता. त्याचा निबंध १७८२ साली छापून निघाला.

ऑयलरने हुद्द्यांसाठी लॅटिन व पलटणींसाठी ग्रीक अक्षरे वापरली. एका जातीची अक्षरे प्रत्येक ओळीत एकेकदा येतील असा चौरस म्हणजे ‘लॅटिन चौरस’. असे दोन चौरस एकमेकांवर ठेवले असता प्रत्येक जोडी नेमकी एकदाच उमटली, तर ते दोन चौरस परस्परांना लंब आहेत असे म्हणतात. तीन, चार, पाच, सात, आठ, नऊ अशा संख्यांसाठी अशा जोड्या मिळतात. विषम संख्या व चारने भाग जाणाऱ्या संख्या यांच्यासाठी ऑयलरने रीतच सांगितली. दोनचा चौरस होत नाही, हे पोरही सांगेल. सहाचा मात्र काही केल्या जमेना. तेव्हा त्याने तर्क केला की, सहा, दहा, चौदा, अठरा या चारने भागल्यावर दोन उरणाऱ्या सर्वच संख्यांसाठी ही मांडणी अशक्य असली पाहिजे. सिद्धता त्याच्याजवळ नव्हती, आणि ती असल्याचा दावाही त्याने केला नाही.

पुढील पावणेदोनशे वर्षांचा या प्रश्नाचा इतिहास आम्हांस दुसऱ्याच कारणासाठी सांगण्याजोगा वाटतो. एखादी गोष्ट ‘माहीत आहे’ असे आपण केव्हा म्हणावे? कोणी सांगितली म्हणजे? कोणी तपासली म्हणजे? की यंत्राने होकार दिला म्हणजे? गणितात या शंकांना जागाच नाही अशी सर्वसाधारण समजूत आहे. या एका कोड्याच्या पाठीमागे चालत गेले की ती समजूत टिकत नाही.

पहिला साक्षीदार आल्टोना येथील ज्योतिषी थॉमस क्लाउसेन. सहाचा चौरस अशक्य असल्याचे त्याने सतरा मूळ प्रकारांची छाननी करून सिद्ध केले आहे, असे त्याचा वरिष्ठ शूमाखर याने १८४२ साली गाउसला पत्राने कळविले. ती सिद्धता आज उपलब्ध नाही. उरले आहे ते केवळ वरिष्ठाचे पत्र. मूळ कागद गहाळ आणि शेरा तेवढा शाबूत, ही स्थिती दफ्तरात वावरलेल्या माणसास अपरिचित नसावी.

दुसरा साक्षीदार गास्तोँ तारी. हा व्यवसायाने गणिती नव्हताच. फ्रान्समध्ये जन्मलेला हा गृहस्थ अल्जीरियात सरकारी नोकरीत होता आणि फावल्या वेळात गणित करीत असे. सहाच्या लॅटिन चौरसांची पहिली ओळ व पहिला स्तंभ ठरलेल्या क्रमाने लिहिला, तर त्यांची संख्या ९४०८ भरते. तारीने त्यांची सतरा कुळे पाडली आणि एकेक कूळ घेऊन, त्यास जोडीदार मिळू शकत नाही हे हाताने दाखवून दिले. १९०० साली हे काम प्रसिद्ध झाले. छत्तीस अधिकाऱ्यांचा निकाल अशा रीतीने परमुलखात नोकरी करणाऱ्या एका अधिकाऱ्याने लावला, या योगायोगाचे आम्हांस कौतुक वाटते. परंतु अधिक महत्त्वाची आहे ती त्याची पद्धत. तीत चतुर युक्ती थोडी, आणि शक्यतांच्या यादीतील एकही रकाना न गाळता शेवटपर्यंत जाण्याची चिकाटी फार. गणकयंत्राचे काम गणकयंत्र नसताना माणसाने केले, असे तारीच्या प्रबंधाचे वर्णन करता येईल.

सहाचा प्रश्न मिटला. दहा, चौदा वगैरेंचा तसाच राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी पीटरसन, वेर्निके आणि मॅकनीश अशा तिघांनी ऑयलरचा तर्क सर्वस्वी सिद्ध केल्याचे जाहीर केले. तीनही सिद्धता सदोष होत्या. एकाने दुसऱ्याची चूक दाखवावी आणि आपली स्वतःची नवी चूक छापावी, असा तो प्रकार झाला. त्यांतली एकही यंत्राने लिहिलेली नव्हती. ‘यंत्रावर कसा विश्वास ठेवावा?’ असे पुढे ज्यांनी विचारले, त्यांनी हा अध्याय एकदा वाचावयास हवा होता.

यानंतर कथा हिंदुस्थानात येते. रोनाल्ड फिशर याने शेतीच्या प्रयोगांत लॅटिन चौरसांचा उपयोग रूढ केला होता. शेताचा कस दोन्ही दिशांनी बदलत असला, तरी वाणांची किंवा खतांची तुलना निःपक्षपाती व्हावी, म्हणून वाफ्यांची मांडणी या चौरसांप्रमाणे करीत. १९३७-३८ च्या हिवाळ्यात फिशर कलकत्त्यास महालनोबिसांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आला. तेथे राज चंद्र बोस काम करीत होते. होशंगाबादेस जन्मलेले आणि रोहतकला वाढलेले हे बंगाली गणिती. त्यांनी १९३८ साली, एकमेकांस लंब असलेल्या चौरसांचा पुरा संच आणि सांत प्रक्षेपीय प्रतल या दोन दिसावयास भिन्न गोष्टी मुळात एकच असल्याचे दाखविले. क्रमांक ‘न’ असेल, तर ‘न वजा एक’ इतके परस्परलंब चौरस मिळणे म्हणजेच त्या क्रमांकाचे प्रतल मिळणे. हा दुवा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याची गरज लागणार आहे.

१९४९ मध्ये बोस अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, चॅपेल हिल येथे गेले. १९५० साली तेथे त्यांच्या हाताखाली पीएच.डी. मिळविलेले शरच्चंद्र शंकर श्रीखंडे हे आपले गृहस्थ. त्यांचा जन्म १९१७ साली मध्य प्रांतातील सागर येथे झाला. सागरला मराठी कुटुंबे पेशवाईपासून नांदत आली आहेत, हे मध्य भारतात चाकरी केलेल्या वाचकांस सांगावयास नको. शिक्षण नागपूरच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, पुढे अध्यापनही नागपुरास. महाराष्ट्रातील गणिताच्या इतिहासात त्यांचे नाव जितक्या वेळा यावयास हवे तितक्या वेळा येत नाही, अशी आमची तक्रार आहे.

१९५८-५९ च्या सुमारास श्रीखंडे पुन्हा चॅपेल हिलला होते. त्याच सुमारास अर्नेस्ट पार्कर या गणित्याने मॅकनीशचे दुसरे एक अनुमान चुकीचे ठरविले: एकवीसच्या क्रमांकास दोनच परस्परलंब चौरस मिळावेत असे त्या अनुमानावरून निघे, पार्करने त्याहून अधिक करून दाखविले. पार्कर ज्या कंपनीत नोकरीस होता ती युनिव्हॅक ही गणकयंत्रे बांधणारी कंपनी. त्याच्या कल्पनेत केवढी शक्यता दडली आहे हे बोस व श्रीखंडे यांनी ताडले. मोठा चौरस लहान चौरसांच्या तुकड्यांतून, प्रतलासारख्या संयोजनांच्या आधाराने शिवून काढावयाचा, ही रीत त्यांनी व्यापक केली आणि बावीसच्या क्रमांकाची जोडी उभी केली. बावीस म्हणजे चार गुणिले पाच अधिक दोन. ऑयलरच्या म्हणण्याप्रमाणे ती असूच शकत नव्हती. पाठोपाठ पार्करने दहाची जोडी दिली. मग तिघांनी मिळून, सहाच्या पुढील अशा प्रत्येक संख्येसाठी जोडी असतेच, हे सिद्ध केले. १७७ वर्षांचा तर्क एका वर्षात मुळासकट कोसळला. ऑयलर बरोबर होता तो फक्त दोन आणि सहा या दोनच ठिकाणी! २६ एप्रिल १९५९ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही वार्ता पहिल्या पानावर दिली, आणि ‘ऑयलरचे डाव उधळणारे’ अशा अर्थाचे गमतीदार नाव या तिघांस मिळाले. दहाचा तो चौरस रंगांत चितारून ‘सायंटिफिक अमेरिकन’ने नोव्हेंबर १९५९ च्या अंकाचे मुखपृष्ठ केले.

आता यंत्राची बाजू. तिघांच्या यशाच्या थोडे आधी कॅलिफोर्नियात पेज व टॉम्पकिन्स यांनी ‘स्वॅक’ नावाच्या गणकयंत्रास दहाची जोडी शोधावयास बसविले होते. एक घर भरावयाचे, मग दुसरे. पुढे अडले की एक पाऊल मागे येऊन दुसरा अंक घालावयाचा, ही त्याची चाल. शंभराहून अधिक तास यंत्र चालले, पण काही हाती लागले नाही. या गतीने सर्व शक्यता संपविण्यास निदान एक शतक लागेल, असा हिशेब निघाला. येथे घटकाभर थांबावेसे वाटते. त्या शंभर तासांनंतर एखाद्या उतावळ्या माणसाने असे म्हटले असते की, ‘इतका शोध करूनही सापडत नाही, त्या अर्थी ऑयलरचेच खरे’, तर ते वरकरणी शहाणपणाचे दिसले असते. वस्तुतः यंत्राने अफाट रानाचा एक कोपराच पाहिला होता. त्याच्या मौनास साक्षीचे मोल नव्हते. पार्करने छापलेल्या दहाच्या चौरसास यंत्र लागतच नाही: सात अंकांचे एक चक्र आणि तीन जादा चिन्हे एवढ्या सामग्रीवर तो उभा आहे, आणि कोणाही चिकाटीच्या माणसाने तासाभरात तो पेन्सिलीने पडताळून पाहावा.

पण पार्कर येथे थांबला नाही, हे विशेष. त्याने यंत्राला कोणता प्रश्न विचारावयाचा तेच बदलले. चौरसातून दहा घरे अशी निवडावयाची की, प्रत्येक ओळ, प्रत्येक स्तंभ व प्रत्येक अंक त्यांत एकदाच यावा; त्यास आपण आडछेद म्हणू. एकमेकांस न शिवणारे दहा आडछेद मिळाले की जोडीदार चौरस आपोआप तयार होतो. म्हणून घरे एकेक भरीत बसण्याऐवजी प्रथम सर्व आडछेदांची यादी करावयाची, आणि मग त्यांतून दहा जुळवावयाचे. दिलेल्या चौरसाचे सर्व जोडीदार शोधण्याचे जे काम स्वॅकच्या रीतीने पिढ्यांचे होते, ते युनिव्हॅक १२०६ या यंत्रावर अर्ध्या-पाऊण तासाचे झाले. वेगातला हा फरक यंत्राच्या सुधारणेने थोडा आणि माणसाच्या विचाराने फार पडला.

श्रीखंडे पुढे काशी हिंदू विश्वविद्यालयात प्राध्यापक होते. नंतर मुंबई विद्यापीठाचा गणित विभाग त्यांनी उभारला आणि १९७८ पर्यंत सांभाळला. सोळा बिंदूंच्या एका आलेखास जगभर ‘श्रीखंडे आलेख’ म्हणतात. २०२० च्या एप्रिलमध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी, विजयवाड्यास त्यांचे निधन झाले. सागर, नागपूर, चॅपेल हिल, काशी, मुंबई, विजयवाडा: आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या सेवापुस्तिकेहून हा प्रवास फारसा निराळा नाही.

दहाची जोडी मिळाली. मग नऊ चौरसांचा पुरा संच, म्हणजे बोस यांच्या दुव्याप्रमाणे दहाव्या क्रमांकाचे प्रक्षेपीय प्रतल, मिळेल काय? ते असते तर त्यात १११ बिंदू व १११ रेषा असत्या, आणि प्रत्येक रेषेवर अकरा बिंदू. १९४९ साली ब्रक व रायझर यांनी सहा व चौदा या क्रमांकांची प्रतले एका सुंदर युक्तीने बाद केली होती. दहा मात्र त्या चाळणीतून निसटते, कारण दहा हा तीन व एक यांच्या वर्गांची बेरीज आहे. म्हणून पुन्हा तारीचा मार्ग धरणे भाग पडले. या वेळी यंत्रासह. सत्तरीच्या दशकात संदेशांच्या सांकेतिक लिपींचे गणित मदतीस आले. त्यावरून असे निघाले की, प्रतल असेल तर त्यात ठराविक संख्येच्या बिंदूंचे विशिष्ट आकृतिबंध असलेच पाहिजेत. पंधरा, बारा व सोळा बिंदूंचे आकृतिबंध क्रमाने बाद झाले. मग एकच वाट उरली: एकोणीस बिंदूंचे आकृतिबंध, आणि तेही नेमके २४,६७५. माँट्रियल येथील क्लेमेंट लॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रिन्स्टनच्या एका क्रे यंत्रावर, इतर कामांच्या फटीफटीतून मिळालेला सुमारे दोन हजार तासांचा वेळ वापरून तेही शोधले. १९८८ च्या अखेरीस उत्तर आले: एकही नाही. प्रतल नाही.

लॅम यांचा प्रामाणिकपणा आम्हांस फार भावतो. त्यांनी स्वतःच लिहून ठेवले की, क्रे यंत्रात हजार तासांस एखादी न कळणारी चूक होते असे सांगतात. म्हणजे आपल्या गणनेत दोन-तीन चुका झाल्या असण्याचा संभव आहे. मग उत्तरावर विश्वास का ठेवावा? त्यांचे उत्तर असे: प्रतल खरोखर असते, तर ते २४,६७५ दारांनी आत येऊ शकले असते, आणि यंत्राच्या दोन-तीन झोपा त्या सर्व दारांवर एकाच वेळी पडणे जवळजवळ असंभाव्य आहे. युक्तिवाद बिनतोड आहे, पण तो संभाव्यतेचा आहे, आणि आज्ञावली लिहिताना माणसाकडून झालेल्या चुकीस तो पुरत नाही. परंपरागत अर्थाने ही सिद्धता नव्हे, हे त्यांनीच मान्य केले.

असाच वाद त्याआधी नकाशांवरून झाला होता. कोणताही नकाशा, शेजारी प्रदेश निराळे दिसतील असा, चार रंगांत रंगविता येतो काय? १८५२ मधील हा प्रश्न ज्याने गणित्यांपुढे आणला तो ऑगस्टस डी मॉर्गन मदुरेस जन्मलेला, कंपनी सरकारच्या एका लष्करी अधिकाऱ्याचा मुलगा. दिल्लीच्या मास्तर रामचंद्रांचा गणितग्रंथ लंडनला पुन्हा छापवून घेणारा तोच. १९७६ साली इलिनॉय विद्यापीठात ॲपेल व हाकेन यांनी यंत्राचे हजारावर तास खर्चून ‘येतो’ असे उत्तर दिले. पुष्कळांनी नाक मुरडले. त्यांच्या आक्षेपात अहंकार होता तसे तथ्यही होते: जे कोणी वाचू शकत नाही ते तपासले असे कसे म्हणावे?

या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या टोकाने आले. १९६७ च्या सुमारास हॉलंडमध्ये दि ब्रौन याने ‘ऑटोमॅथ’ नावाची भाषा रचली. तीत सिद्धता इतक्या बारीक पायऱ्यांनी लिहावयाची की, प्रत्येक पायरी नियमास धरून आहे की नाही हे यंत्राने पाहावे. उत्तर शोधणारे यंत्र निराळे आणि तपासणारे निराळे. तपासणाऱ्याचा गाभा इतका लहान ठेवावयाचा की तो माणसास संपूर्ण वाचता यावा. खर्च करणारा आणि लेखापरीक्षक एकच असू नये, हे जुने तत्त्व येथे गणितास लागू झाले. अशा प्रणालींस सिद्धता-साहाय्यक म्हणावे. ‘कॉक’ नावाच्या साहाय्यकात जॉर्ज गाँतिए याने २००५ पर्यंत चार रंगांची संपूर्ण सिद्धता बसविली, आणि जुना वाद बव्हंशी शमला. गोळे सर्वांत दाट कसे रचावेत या केप्लरच्या प्रश्नावर टॉमस हेल्स याने १९९८ मध्ये दिलेली सिद्धता बारा परीक्षकांनी कित्येक वर्षे तपासली, आणि शेवटी ‘नव्व्याण्णव टक्के खात्री’ एवढाच शेरा मारला. हेल्सला तो एक टक्का सोसला नाही. त्याने मंडळी जमवून २०१४ मध्ये तो यंत्राकडून भरून काढला. पुढे पेटर शोल्झे या पहिल्या दर्जाच्या गणित्याने २०२० च्या डिसेंबरात, आपल्याच एका प्रमेयाबद्दल मन निःशंक नाही असे सांगून, ते ‘लीन’ या साहाय्यकात तपासण्याचे आवाहन केले. दीड-पावणेदोन वर्षांत ते काम पुरे झाले.

लॅम यांच्या उत्तराची पाळी २०२१ साली आली. मध्यंतरी २०११ मध्ये एकदा स्वतंत्र फेरतपासणी झाली होती, पण तीही खास लिहिलेल्या आज्ञावलीने, म्हणजे पुन्हा ‘आम्ही पाहिले, नाही’ एवढ्याच साक्षीवर. कॅनडातील कर्टिस ब्राइट, विजय गणेश आदी पाच संशोधकांनी सबंध प्रश्न शुद्ध तर्कसूत्रांत उतरविला आणि सर्वसामान्य तर्कसूत्रे सोडविणाऱ्या आज्ञावलींकडून तो सोडवून घेतला. या आज्ञावली नुसते ‘नाही’ म्हणत नाहीत. का नाही, याचा पायरीपायरीचा दाखला लिहून देतात, आणि तिऱ्हाईताने निराळ्या तपासनिसाकडून तो पडताळावा. निष्कर्ष तोच राहिला. पण दाखला तयार करताना असे आढळले की, १९८९ चा मूळ शोध आणि २०११ ची फेरतपासणी, दोहोंतही विसंगती होत्या. तीस वर्षे खरे मानलेले उत्तर खरेच होते. ज्या कागदांच्या आधारे ते मानले गेले, ते मात्र निर्दोष नव्हते.

ऑयलरच्या छत्तीस अधिकाऱ्यांसही अलीकडे एक अजब बढती मिळाली. मद्रासच्या आय.आय.टी.तील सुहैल अहमद राठर, अरुल लक्ष्मीनारायण आणि त्यांचे पोलंडमधील सहकारी यांनी २०२२ मध्ये दाखविले की, पुंजयामिकीप्रमाणे एकाच अधिकाऱ्यास अनेक हुद्दे व पलटणी यांच्या मिश्र अवस्थेत राहण्याची मुभा दिली, तर सहाची मांडणी जमते. तीही प्रथम गणकयंत्राच्या शोधातूनच हाती आली. आमच्या नोकरशाहीत अशी मुभा नाही, हे एक बरेच म्हणावयाचे.

दहाच्या चौरसांची जोडी १९५९ पासून आहे. नऊंचा संच नाही, याचा दाखला २०२१ पासून आहे. मधले काय? तीन चौरस, प्रत्येक दुसऱ्या दोघांस लंब, असे त्रिकूट अनेक देशांतील यंत्रे वर्षानुवर्षे शोधीत आहेत. ते कोणास सापडलेले नाही, आणि ते असू शकत नाही असा दाखलाही अद्याप कोणी दिलेला नाही.